मंगलच्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण

इंदापूरच्या एका कॉलेजात गेल्या हिवाळ्यात कथालेखनाची कार्यशाळा होती. मुलांना चार गोष्टी सांगायला मला बोलावलं होतं. इस्त्रीचा सदरा घालून मी बारामतीहून एसटीनं गेलो. फाटकाशी एक तरुण प्राध्यापक उभा होता. लगबगीनं पुढं आला, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि शेजारच्या बाईंना म्हणाला, "हे मंगलताईंचे मिस्टर. ते पण लिहितात."

बाईंचा चेहरा उजळला. "अय्या! मग ताई नाही आल्या?"

चार कथासंग्रह, एक कादंबरी, आणि दिवाळी अंकांतल्या कथांची तर मोजदादच सोडलेली. त्या सगळ्यांचा मिळून एक 'पण' झाला होता. मी हसलो. अशा वेळी हसता येणं हेही या कामात शिकावं लागतं. मग व्यासपीठावर बसून मुलांना सांगितलं, पात्राला नाव द्यायच्या आधी त्याचं बोलणं कानावर येऊ द्या. मुलांनी ते लिहून घेतलं. शेवटी प्रश्न विचारा म्हटलं, तर पहिलाच प्रश्न आला, "सर, मॅडम रोज किती वाजता लिहायला बसतात?"

या अंकाच्या संपादकांनी लेखकाच्या कामाविषयी लिहा म्हणून सांगितलं तेव्हा माझ्यापुढं दोन रस्ते होते. साधना, चिंतन, समाजाचं ऋण वगैरे लिहिता आलं असतं. पण या कामात मला सगळ्यात जास्त सोबत कुणी केली असेल, तर ती हेव्यानं. तेव्हा त्याच्याविषयीच लिहितो. मंगल म्हणजे माझी बायको. हा लेख पाठवण्याआधी तिनं वाचलाय. एक वाक्य काढायला लावलंय आणि दोन ठिकाणी स्वल्पविराम हलवलेत. बाकी सगळं तिला मान्य आहे.

मी नोकरी केली ती एमआयडीसीतल्या एका दूध प्रकल्पात, तपासणीच्या प्रयोगशाळेत. टँकर आले की नमुने घ्यायचे, फॅट काढायचं, भेसळ बघायची. गोष्टी लिहायचो त्या पाळी संपल्यावर कॅन्टीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर. लोकांना वाटतं, लेखकाला गोष्ट सुचते. सुचतं ते फार थोडं असतं, एखादं वाक्य किंवा एखादी हालचाल. बाकीचं सगळं बांधकाम असतं, आणि बांधलेल्यातलं बरंचसं पुन्हा पाडायचं असतं.

एक उदाहरण देतो. आमच्या पॅकिंग विभागात दोन सख्खे भाऊ होते, बनसोडे. घराच्या वाटणीवरून त्यांचं बोलणं बंद झालेलं. पण कामाची जागा एकाच पट्ट्यावर, समोरासमोर. थोरला क्रेट भरायचा आणि धाकटा उचलायचा. वर्षानुवर्षं एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात क्रेट जात राहिले, शब्द एक नाही. चहा आला की थोरला एक कप उचलून पट्ट्याच्या पलीकडच्या कडेला ठेवायचा, धाकट्याकडं न बघता. धाकटा तो प्यायचा, त्याच्याकडं न बघता.

मला तो कप दिसला आणि गोष्ट मिळाली. दुधाचा प्रकल्प काढून वीटभट्टी घातली, नावं बदलली, गाव बदललं. ही आमच्या धंद्यातली नेहमीची रंगरंगोटी. शेवटी भट्टीवर अपघात होतो, धाकटा थोरल्याला मिठी मारतो, दोघं रडतात. कथा एका चांगल्या दिवाळी अंकात छापून आली. माझं नाव झालं ते त्या कथेनं.

थोरला बनसोडे एक दिवस अंक घेऊन प्रयोगशाळेत आला.

"सायेब, ही आमची गोष्ट हाय न्हवं?"

मी म्हणालो, "तुमच्यावरून सुचली. पण तुमची नाही."

"तुमी शेवटी त्यास्नी बोलाय लावलं."

"हो."

त्यानं अंकातलं शेवटचं पान पुन्हा उघडून बघितलं. मग अगदी मनापासून काळजीनं विचारलं, "मग आता आमाला बी बोलावं लागंल का?"

मी नाही म्हणालो. त्याला हायसं वाटलं आणि तो गेला. दोघं भाऊ माझ्या निवृत्तीपर्यंत बोलले नाहीत, चहा मात्र रोज पट्ट्याच्या पलीकडं जात राहिला. ती मिठी मी घातली होती, कारण मिठी घातली की संपादक खूश होतात हे मला माहीत होतं. गोष्ट खरं तर कपापाशीच संपली होती. हे कळायला मला दोन संग्रह लागले. तेव्हापासून गोष्ट कुठं थांबवायची, एवढ्या एका बाबतीत मी स्वतःला जाणकार समजायला लागलो. पुढं जे झालं त्याला ही जाणकारी कारणीभूत आहे, म्हणून एवढं सविस्तर सांगितलं.

लेखक म्हटलं की गिऱ्हाईकंही येतात. आम्ही बारामतीच्या कडेला, जळोचीत घर बांधलं तेव्हा भोवती ऊस आणि मका होता. नंतर प्लॉट पडले, इमारती आल्या. त्या प्लॉटच्या व्यवहारांत वर आलेला एक गृहस्थ गाडी घेऊन दारात हजर झाला. माझ्यावर कादंबरी लिहा म्हणाला. मी विचारलं, कशी हवी?

"खरीखुरी. फक्त माजी चूक कुठं दिसाय नको."

"मग पानं कशानं भरायची?"

त्यानं थोडा विचार केला. "निसर्गवर्णन टाका की तुमी."

त्याला मी चहा पाजून परत पाठवला. पण खरं सांगायचं, तर त्याचं मागणं आणि आम्हा लेखकांचं मागणं यांत फार अंतर नसतं. आपली चूक कुठं दिसू नये असं आम्हालाही वाटतं. दुसऱ्याची दिसली की मात्र बरं वाटतं.

आता हेव्याकडं येतो. या कामात पगारवाढ नसते, बढती नसते, वरिष्ठ पाठीवर थाप मारत नाही. आपण पुढं सरकलो की नाही हे कशावरून ओळखायचं? मी हेव्यावरून ओळखत आलो. एखाद्याची कथा वाचून मी "वा, छान" म्हणालो तर ती साधारण असते. ती वाचून अंक मिटून ठेवावासा वाटला, लेखकाचं वय बघून आणखीच वाईट वाटलं, तर समजायचं, माल अस्सल आहे. मग मी ती कथा हातानं उतरवून काढायचो. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. वाचताना जे निसटतं ते लिहिताना सापडतं. एकानं दार उघडल्याचं सांगितलंच नाही, माणूस एकदम आत आलेला आहे. एकीनं नवऱ्याचं नाव पहिल्या चार पानांत घेतलेलं नाही. असं एकेक. कथालेखन मी कुणाकडून शिकलो, असं विचारतात. ज्यांचा मला हेवा वाटला त्या सगळ्यांकडून. त्यांना पत्ता नाही, आणि मी त्यांना कळवलेलंही नाही.

पण ते सगळे लांब होते. कुणी नागपूरला, कुणी कोल्हापूरला. अंक मिटला की माणूस दिसेनासा व्हायचा. घरातच हेवा येऊन बसेल, ही कल्पना मी केली नव्हती.

मंगलचं माहेर इंदापूर तालुक्यातलं. बारामतीच्या एका शाळेत तिनं भूगोल शिकवला. माझी पहिली वाचक तीच. शाळेचे पेपर तपासता तपासता ती माझी कथा वाचायची आणि हातात लाल पेन असायचं. तारीफ अशी नाहीच. "बरंय," म्हणायची. फार आवडली तर, "बरंय की." कधी समासात लिहायची, 'हा माणूस असं बोलेल?' मी चिडायचो आणि दोन दिवसांनी ते वाक्य बदलायचो.

ती निवृत्त झाली आणि एक दिवस जेवणाच्या टेबलावर कोरे कागद घेऊन बसली. मी विचारलं, "काय लिहितेयस?"

"झालं की देईन."

मला वाटलं, शाळेच्या आठवणी असतील. मला बरं वाटलं, हे इथं नोंदवून ठेवतो. शिक्षकांच्या आठवणींची भीती कुणाला वाटते? मी तिला सल्लेही दिले. रोज थोडं लिही, विशेषणं कमी कर, लिहिलेलं मोठ्यानं वाच. ती हं हं करायची. पुढं उन्हाळा सरता सरता तिनं कागदांचा गठ्ठा माझ्यापुढं ठेवला. कादंबरी होती.

कुसुम नावाच्या बाईची गोष्ट. इंदापूरकडं द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये काम करणारी. नवरा पुण्याला नोकरी बघून येतो म्हणून जातो आणि येत नाही. आठवडा जातो, महिना जातो. शेवटी एकजण सांगतो, तो तिकडं सुखात आहे, परत यायचा नाही. आता ही बाई काय करेल? मी असतो तर तिला विहिरीच्या काठावर नेलं असतं, निदान भिंतीला टेकून रडवलं असतं. मंगलनं काय केलं? नवऱ्याची जुनी चप्पल घरात पडलेली असते, अंगठा तुटलेली. कुसुम ती घेऊन चांभाराकडं जाते, अंगठा शिवून आणते, पुसते आणि दाराशी ठेवते. मग भाकरी थापायला बसते. प्रकरण संपलं.

ते पान वाचलं आणि मला गच्चीवर जावं लागलं. खाली रस्त्यावरून एमआयडीसीची पाळी सुटलेली, मोटारसायकलींची रांग लागलेली. मी तिथं उभा राहून स्वतःशी 'अंगठा, अंगठा' असं पुटपुटत होतो. इतकी वर्षं मी कथा लिहितोय आणि एकाही पात्राच्या चपलेकडं मी बघितलेलं नाही! आणि या बाईनं, जिला कालपर्यंत विशेषणं कमी कर म्हणून सांगत होतो, पहिल्याच फटक्यात? आनंद झाला का, असं कुणी विचारेल. झाला असेल. दुसऱ्या भावनांच्या गर्दीत तो कुठं दिसला नाही.

तिनं विचारलं, "कसं वाटलं?"

"पुरं वाचून सांगतो."

पुरं वाचायला मी मुद्दाम वेळ लावला. दोष शोधत होतो. एखादं प्रकरण सैल निघावं, एखादं पात्र कागदी निघावं. फारसं काही मिळालं नाही. उपान्त्य प्रकरणात नवरा परत येतो. मुलगी मोठी झालेली, घर नीट बांधलेलं. तो दारात उभा राहतो, केस पांढरे, हातात रेक्झिनची बॅग. कुसुम त्याला हात धुवायला पाणी देते. ताट वाढते. तो जेवतो. ती समोर बसून पंख्यानं माश्या हाकते. जेवण झाल्यावर ताट उचलता उचलता म्हणते, "आता निघालात तर बारामतीची गाडी मिळंल."

बस. एवढंच.

आणि त्यानंतर आणखी एक प्रकरण होतं. त्यात नवरा जात नाही. गावातल्या धर्मशाळेत राहतो, आजारी पडतो, सगळ्यांदेखत कुसुमची माफी मागतो. मुलगी डॉक्टर होते, तीच त्याच्यावर उपचार करते. शेवटी तो कुसुमच्या पायांवर डोकं ठेवतो आणि सकाळ होते. मी ते वाचलं आणि मला, खोटं कशाला बोलू, हलकं वाटलं. सापडलं होतं.

त्या दिवशी दुपारी मी तिला सांगितलं. "शेवटचं प्रकरण काढ. गोष्ट गाडीपाशी संपते."

मंगल मेथी निवडत होती. हात थांबले. "का?"

मी तिला बनसोडे बंधूंची मिठी समजावून सांगितली. वाचकाच्या हातात काहीतरी राहू द्यावं लागतं वगैरे सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "वीस प्रकरणं वाचलीत. बाकीच्यांबद्दल काहीच बोलला नाहीत."

"ती चांगली आहेत."

"किती चांगली?"

माझ्या तोंडून आलं, "बरंय की."

ती हसली नाही. "अहो, तुम्ही जळताय."

"जळतोय," मी म्हणालो. "तरी ते प्रकरण काढ."

"जळणाऱ्या माणसाचं मी का ऐकू?"

माझा सल्ला बरोबर आहे असं मला वाटत होतं. पण ते प्रकरण लोकांना हमखास आवडणार, हेही मला दिसत होतं. मग ते काढायला मी सांगतोय ते पुस्तक चांगलं व्हावं म्हणून, की ते लोकांना जरा कमी आवडावं म्हणून? खूप विचार केला. दोन्ही गोष्टी एकमेकींत अशा मिसळल्या होत्या की आमच्या प्रयोगशाळेतल्या कुठल्याच चाचणीनं त्या वेगळ्या झाल्या नसत्या.

तिनं कादंबरी जशी होती तशी पुण्याच्या एका प्रकाशकांकडं पाठवली. माझ्या पहिल्या पुस्तकाला प्रकाशक मिळेपर्यंत माझे केस पिकायला लागले होते. तिला महिन्याभरात होकार आला. संपादकांनी फोनवर खास सांगितलं, शेवट फार हृद्य झालाय. मंगलनं फोन स्पीकरवर ठेवला होता. मी पेपर वाचत होतो, म्हणजे पेपर धरून बसलो होतो.

त्यानंतर घरात एक चमत्कारिक शांतता आली. भांडण नाही, अबोला नाही. दळण, वीजबिल, नातवाचा ताप, सगळ्यावर बोलणं होत होतं. फक्त लिहिण्याचा विषय निघत नव्हता. मी माझी एक कथा लिहून पूर्ण केली आणि पहिल्यांदाच तिला न दाखवता पाठवली. ती साभार परत आली. तेही मी तिला सांगितलं नाही.

पावसाळ्यात मंगल माहेरी गेली. आमच्याकडं वर्षावासाच्या तीन महिन्यांत विहारात धम्मग्रंथाचं वाचन चालतं. बायका कामं आटपून येतात, एकजण वाचते, बाकीच्या ऐकतात. त्यामुळं त्या बायकांचे कान तयार असतात. रटाळ वाचलं तर तोंडावर सांगतात. मंगलच्या वहिनीनं, शांतावहिनीनं, सगळ्यांना सांगितलं होतं की आमच्या वन्संनी पुस्तक लिहिलंय. मग दुपारी वहिनीच्या ओसरीवर बैठक बसली आणि मंगलनं कादंबरी वाचून दाखवायला घेतली. रोज थोडी थोडी. पाऊस पडत असला की शेतावर कुणाला जायचं नसायचं, त्या दिवशी जास्त.

वाचन संपलं त्या संध्याकाळी वहिनीचा मला फोन आला. "दाजी, काय लिवलंय वो आमच्या वन्संनी! समद्या बाया रडल्या बघा."

मी विचारलं, "कुठं रडल्या?"

"शेवटाला की! त्यो आला, तिच्या पाया पडला. अगं बया, जीव कसा थंडगार झाला. मनावरचं वझं उतरलं वो. रखमाकाकू तर टाळ्या वाजवाय लागली."

झालं. पुण्याचे संपादक एका बाजूला आणि इंदापूरची ओसरी दुसऱ्या बाजूला. मधे मी एकटा. मंगल परत आली तेव्हा मी एसटी स्टँडवर तिला आणायला गेलो. तिची बॅग घेतली आणि तिथंच, गाड्यांच्या गोंगाटात, म्हणालो, "माझं चुकलं. ते प्रकरण राहू दे."

"हं," ती म्हणाली.

तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं. ती रिक्षात बाहेर बघत बसली.

पुस्तकाच्या प्रती आल्या तेव्हा दुपार होती. ती स्वयंपाकघरात होती. खोकं मी फोडलं. कोऱ्या पुस्तकाचा वास आला, जो मला फार वर्षांत माझ्या नावाच्या पुस्तकातून आला नव्हता. मी सरळ शेवट उघडला. "आता निघालात तर बारामतीची गाडी मिळंल," आणि त्याखाली पांढरं पान.

मला वाटलं, बांधणीत चूक झाली. मी दुसरी प्रत उघडली. तिसरी उघडली. मग हाक मारली, "मंगल, अगं यात शेवटचं प्रकरणच नाही!"

ती हात पुसत दारात आली. "मी काढलं. माहेराहून आल्यावर संपादकांना फोन केला."

छातीत काहीतरी फुगायला लागलं होतं. "म्हणजे मी सांगितलं होतं ते..."

"तुम्ही सांगितलंत म्हणून नाही." ती माझ्यासमोर बसली. "वहिनी म्हणाली, मनावरचं ओझं उतरलं. सगळ्या तेच म्हणाल्या. चहा झाला, हसल्या, घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी कुणी कुसुमचं नावसुद्धा काढलं नाही. गाडीचं प्रकरण वाचलं होतं त्या दिवशी मात्र एकीलाही उठवेना. रखमाकाकू जाता जाता मला म्हणाली, रातच्याला झोप न्हाय यायची मला. तिच्याही घरी कुणीतरी असंच परत आलेलं असणार. मी तिला ते ओझं दिलं आणि दुसऱ्या दिवशी परत काढून घेतलं. कशाला काढून घेतलं? टाळ्यांसाठी."

मी पुस्तक मिटलं.

माझा सल्ला आणि तिचा निर्णय एकच होता. पण मी सांगितलं होतं ते कारागिराच्या हिशेबानं. गोष्ट कुठं संपते ते मला माहीत होतं. ती कुणासाठी उघडी ठेवायची, हे तिला कळलं. माझ्या बनसोडे बंधूंची मिठी मी नंतर चूक म्हणून मान्य केली होती, पण त्या मिठीनं कुणाचं काय काढून घेतलं असेल, हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. तिनं ते प्रकरण ठेवलं असतं तर मला हेवा कमी वाटला असता. तिनं माझं ऐकून काढलं असतं तर मला हेवा वाटलाच नसता. तिनं ते अशा कारणानं काढलं की हेवा करायला आणखी एक जागा झाली.

मग पुस्तक चाललं. कुठल्या कुठल्या गावांहून बोलावणी आली. एक पुरस्कार मिळाला, त्या समारंभात मी पहिल्या रांगेत बसलो होतो आणि छायाचित्रकारानं मला जरा बाजूला सरकायला सांगितलं. माझ्या पुस्तकांबद्दल एखादं पोस्टकार्ड यायचं, भाषा छान आहे, म्हणून. तिला येतात ते फोन, आणि लोक भाषेबद्दल बोलतच नाहीत. कुसुमला मधुमेह आहे का, असं विचारतात. तिच्या मुलीला स्थळ सुचवतात. माझ्या कुठल्याही पात्राला आजवर कुणी स्थळ सुचवलेलं नाही.

या उन्हाळ्यात मंगल मंडईत गेली होती आणि फोन घरी विसरली होती. वाजला म्हणून मी घेतला. पलीकडं एक बाई होती, सोलापूरकडची, दवाखान्यात नर्स आहे म्हणाली. आवाज घाबरल्यासारखा.

"लेखिका आहेत का?"

"बाहेर गेल्यात. मी त्यांचा नवरा."

"मग तुम्हाला माहीत असेल. तो गेला का हो? गाडीत बसला का तो?"

मला माहीत होतं. नवरा, धर्मशाळा, डॉक्टर मुलगी, पायांवर डोकं. एका दमात सांगून टाकता आलं असतं. सांगावंसंही वाटलं. मंगलच्या गोष्टीतलं काहीतरी माझ्या हातानं सांडून टाकावं, असं फार आतून वाटलं.

"मला नाही माहीत," मी म्हणालो. "तुम्हाला काय वाटतं?"

ती हळूहळू बोलायला लागली. तिचे वडील असेच परत आले होते. आईनं असंच जेवायला वाढलं आणि असंच जायला सांगितलं. ते गेले, पण गावच्या स्टँडवर जाऊन बसले. गाड्या आल्या, गेल्या. दुसऱ्या दिवशीही तिथंच. आईचा कामाला जायचा रस्ता स्टँडवरूनच होता.

"मग?" मी विचारलं.

"आईनं रस्ता बदलला. मागच्या ओढ्याकडनं जायला लागली, लांबून. पुढं वडील गेले कुठंतरी. स्टँड पण आता नवीन झालाय, जुना पाडला. आई अजून ओढ्याकडनंच जाते."

गॅसवर ठेवलेलं दूध उतू गेलेलं मला कळलं नाही.

मंगल आली. पिशवी ओट्यावर ठेवली, सांडलेल्या दुधाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "कुणाचा फोन?"

मी तिला सगळं सांगितलं, त्या बाईच्याच शब्दांत, जसंच्या तसं. 'आई अजून ओढ्याकडनंच जाते' इथं येऊन थांबलो. मंगल हातात फडकं घेऊन उभी होती.

"हे मला सुचलं नसतं," ती म्हणाली.

"मलाही नाही."

तिनं फडकं पिळलं. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "ती लिहिते का काही?"

"मी विचारलं. नाही म्हणाली."

"बरं झालं," मंगल म्हणाली.

तो चेहरा मी चांगला ओळखतो. मी खुर्ची ओढून तिला बसायला दिली आणि चहाचं आधण ठेवलं.